हांकेला ओ देणाऱ्या वस्तू

मनुष्यानें आपल्या उपयोगासाठीं घडविलेल्या वस्तू पुष्कळ काळपर्यंत बहुधा मुक्या व बहिऱ्याच होत्या. कुऱ्हाड लांकूड तोडी. पण समोर लांकूड आहे कीं कोणाचा पाय आहे, हें तिला कळत नसे. जातें दाणे दळी. पण दाणे संपले म्हणून तें आपण होऊन थांबत नसे. वस्तूला जें कळत नाहीं तें ओळखण्याचें काम ती हातांत धरणाऱ्या माणसाचें असे. गेल्या सुमारें पन्नास वर्षांत ह्या स्थितींत मोठा पालट झाला आहे. नळाखालीं हात नेतांच पाणी वाहूं लागतें, लिफ्टच्या दारांत कोणी उभें असल्यास दार मिटत नाहीं, कपडे धुण्याचें यंत्र कपड्यांचें वजन अजमावून बेताचें पाणी घेतें. जणूं वस्तू माणसाच्या हांकेला ओ देऊं लागल्या आहेत. ह्या वस्तूंच्या पोटांत एक चिमुकला संगणक दडलेला असतो. त्या चालतात कशा, त्यांच्या ओ देण्याचा अर्थ काय, आणि त्यांपासून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं कोणता बोध घ्यावा, ह्याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

अशा प्रत्येक वस्तूचीं मुख्य अंगें तीन. मनुष्यदेहांत जशीं ज्ञानेंद्रियें, बुद्धि आणि कर्मेंद्रियें, तशींच हीं समजावीं. पहिलें अंग बाहेरची स्थिति टिपतें; त्यास सेन्सर म्हणतात. दुसरें अंग म्हणजे चिप. टिपलेल्या गोष्टीवरून पुढें काय करावयाचें हें ती लिहून दिलेल्या नियमांप्रमाणें ठरविते. तिसरें अंग प्रत्यक्ष कृति करतें, म्हणजे मोटर फिरवितें, झडप उघडतें, दिवा लावितें किंवा घंटा वाजवितें. वर सांगितलेला नळच घ्या. त्याच्या तोंडाजवळ एक बारीक दिवा डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सोडीत असतो व शेजारीं ते किरण ओळखणारा एक कृत्रिम डोळा असतो. नळाखालीं हात आला म्हणजे किरण हातावर आपटून मागें फिरतात, त्या डोळ्याला ते दिसतात, चिप आज्ञा देते आणि झडप उघडते. हात दूर होतांच झडप पुन्हा मिटते.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावी. नळाला हात ठाऊक नाहीं, मळ ठाऊक नाहीं आणि तहानही ठाऊक नाहीं. त्याला परत आलेला प्रकाश तेवढा ठाऊक आहे. हाताच्या जागीं भांडें धरलें तरी तो पाणी सोडील. आणि एखादा तहानेला माणूस दोन हात दूर मूर्च्छित पडला असेल तर तो कोरडाच राहील. वस्तु सर्व हांकांना ओ देत नाहीं. तिच्या कर्त्यानें जी हांक आधीं ऐकून घेतली असेल, तेवढीलाच देते. आमच्या लेखाचा मथितार्थ एवढाच आहे, व पुढील उदाहरणें त्याच्याच स्पष्टीकरणार्थ आहेत.

वस्तूनें आपल्याला ओळखावें ही हौस कांहीं नवी नाहीं. ख्रिस्ती शकाच्या पहिल्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील हेरॉन नांवाच्या यंत्रज्ञानें एका जलपात्राचें वर्णन करून ठेविलें आहे. त्यांत नाणें टाकलें म्हणजे नाण्याच्या भारानें आंतील दांडी कलत असे व देवळांत येणाऱ्यास मोजकें पाणी मिळत असे. पुढें सन १७८८ मध्यें जेम्स वॅट ह्यानें वाफेच्या यंत्रास फिरत्या गोळ्यांचा नियामक बसविला. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकत व वाफ आपोआप कमी होत असे. परंतु अशा यंत्रांचा नियम लोखंडांतच घडविलेला असे. तो बदलावयाचा तर यंत्रच मोडून पुन्हा घडवावें लागे. संगणकानें ही अडचण दूर केली, कारण त्यांत नियम हा लिहिलेला मजकूर असतो व तो पुसून दुसरा लिहितां येतो.

मात्र आरंभींचे संगणक वस्तूंत बसणें शक्यच नव्हतें. अमेरिकेंत सन १९४६ मध्यें लोकांसमोर आलेल्या ‘एनिअॅक’ ह्या संगणकांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या व तो एक मोठें दालन व्यापून बसे. त्यानंतर अवघ्या पंचवीस वर्षांनीं, सन १९७१ मध्यें, इंटेल कंपनीनें ‘४००४’ नांवाची चिप विकावयास काढली. तिची रुंदी सुमारें ३ मिलिमीटर व लांबी ४ मिलिमीटर, म्हणजे मसुरेच्या दाण्याएवढा तिचा आकार. आणि तेवढ्या जागेंत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर बसविलेले होते. ही चिप मुळांत एका जपानी कंपनीच्या आंकडेमोडीच्या यंत्रासाठीं केलेली होती. बुद्धीचें अंग इतकें लहान व स्वस्त झाल्यावर तें काठींत, खेळण्यांत, औषधाच्या पेटींत, फार काय माणसाच्या छातींतही ठेवतां येऊं लागलें. सन १९९१ मध्यें मार्क वायझर ह्या अमेरिकन संशोधकानें आपल्या एका प्रसिद्ध लेखांत असें प्रतिपादिलें कीं, पुढील काळचा संगणक मेजावर दिसणार नाहीं. तो नित्याच्या वस्तूंत मिसळून जाईल व आपण त्याची आठवणही ठेवणार नाहीं. त्याचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें ठरलें आहे.

आतां एका काठीची गोष्ट सांगतों. अंध मनुष्याच्या हातांतील पांढरी काठी हें फार गुणी साधन आहे. खड्डा, पायरी, दगड हें सर्व ती जमिनीवरून सांगते. पण गुडघ्याच्या वर जें असेल तें तिला लागत नाहीं. रस्त्यावर झुकलेली फांदी, भिंतीबाहेर उघडलेली खिडकी, उभ्या ट्रकची मागें आलेली फळी, ह्यांचा पत्ता कपाळाला मार बसल्यावरच लागतो. अंध बांधवांची ही नित्याची पीडा जाणून दिल्ली येथील आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक एम. बालकृष्णन् ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं विद्यार्थी व संशोधक कामास लागले, आणि अनेक वर्षांच्या खटपटीनंतर सन २०१४ मध्यें ‘स्मार्टकेन’ नांवाचें साधन लोकांच्या हातीं आलें.

ह्या साधनाची युक्ति वटवाघुळाची आहे. वटवाघुळ अंधारांत आपल्या कानांस ऐकूं न येणारे सूक्ष्म ध्वनि काढतें व त्यांच्या प्रतिध्वनीवरून भिंत किती दूर आहे हें ओळखतें. काठीच्या मुठीवरील यंत्रही तसाच ध्वनि पुढें सोडतें. विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करून पाहावें. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो. अडथळा ३ मीटर दूर असेल तर ध्वनीला जाऊन येण्यास ६ मीटर चालावें लागतें. ६ ला ३४० नीं भागिलें असतां सुमारें ०.०१८ सेकंद येतात. एवढा अल्प काळ मोजून चिप अंतर काढते व मूठ कंप पावूं लागते. अडथळा जसजसा जवळ येईल तसतशी कंपाची तऱ्हा बदलते, व हाताला त्याची भाषा हळूहळू समजूं लागते.

ह्यांत दोन गोष्टी विशेष विचार करण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, सूचना देण्यासाठीं घंटा न वापरतां कंप वापरला आहे. डोळस माणसाला वाटेल, घंटा अधिक सोपी. पण अंध मनुष्य रस्ता ओळखतो तो मुख्यतः कानांनीं; गाडीचा आवाज, पावलांचा आवाज, भिंतीवरून फिरलेला आवाज हेच त्याचे डोळे. त्या कानाशीं सारखी घंटा वाजूं लागली तर एक आधार देऊन दुसरा हिरावून घेतल्यासारखें होईल. दुसरी गोष्ट ही कीं, जुनी काठी टाकून दिलेली नाहीं. तिच्यावरच हें यंत्र बसविलें आहे. कारण खड्डे व पायऱ्या दाखविण्याचें काम ती चांगलें करीतच होती. ह्या दोन्ही गोष्टी डोळे मिटून चार पावलें चाललेल्या माणसाला सहसा सुचावयाच्या नाहींत. जे रोज तसे चालतात त्यांच्यापाशीं बसून, त्यांचें ऐकूनच त्या कळतात.

दुसरें उदाहरण ह्याहून नाजूक आहे. हृदयाचे ठोके फार मंद पडणें हा एक प्राणघातक विकार आहे. ता. ८ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्वीडन देशांत शल्यवैद्य ऑके सेनिंग ह्यांनीं अभियंता रूने एल्मक्विस्ट ह्यांनीं तयार केलेला पेसमेकर आर्ने लार्सन नामक रुग्णाच्या शरीरांत बसविला. असें यंत्र पूर्णपणें शरीराच्या आंत बसविण्याचा जगांतील तो पहिलाच प्रसंग. तें पहिलें यंत्र कांहीं तासच चाललें. तथापि प्रयत्न सोडले गेले नाहींत. पुढें वेळोवेळीं यंत्र बदलीत लार्सन हे सन २००१ पर्यंत जगले. मृत्युसमयीं त्यांचें वय ८६ वर्षांचें होतें.

आरंभींचे पेसमेकर घड्याळाप्रमाणें ठराविक वेळानें हृदयाला विजेचा सूक्ष्म ठोसा देत. हृदय स्वतः नीट चालत असलें तरी ते आपलें काम थांबवीत नसत. ऐकण्याचें इंद्रिय त्यांस नव्हतेंच. पुढें जे निघाले ते आधीं हृदयाकडे कान देऊं लागले: ठोका आपण होऊन पडला तर गप्प राहावयाचें, न पडला तरच मदत करावयाची. त्याहीपुढें जाऊन शरीराची हालचाल ओळखणारे पेसमेकर झाले. मनुष्य जिना चढूं लागला म्हणजे ते ठोक्यांची गति वाढवितात व तो बसला म्हणजे कमी करतात. गरज नसतां गप्प राहणें हेंही ओ देण्याचेंच एक रूप आहे. आईबापांस व शिक्षकांस ही गोष्ट निराळी सांगावयास नको.

तिसरें उदाहरण पुष्कळ वाचकांच्या घरींच असेल. सन २०२० व २०२१ मधील करोनाच्या सांथींत महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांनीं बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर विकत घेतला. ह्याचें मूळ तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी ह्यांनीं सन १९७४ मध्यें मांडलें. प्राणवायूनें युक्त रक्त तांबडा प्रकाश कमी शोषतें व अवरक्त प्रकाश अधिक शोषतें. प्राणवायु कमी झालेल्या रक्ताचें ह्याच्या उलट असतें. बोटांतून दोन्ही प्रकाश पार करून चिप त्यांची तुलना करते व आंकडा दाखविते. किती प्रकाशाला कोणता आंकडा, हें कोष्टक मात्र आधीं खऱ्या माणसांवर प्रयोग करून बनवावें लागतें.

येथेंच मेख आहे. त्वचेचा काळा रंग हाही प्रकाश शोषणारा आहे. सन २०२० च्या अखेरीस अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनीं एक तुलना प्रसिद्ध केली. ऑक्सिमीटर ९२ ते ९६ असा समाधानकारक आंकडा दाखवीत असतां रोहिणीच्या रक्ताची प्रत्यक्ष तपासणी केली, तेव्हां प्राणवायु ८८ टक्क्यांहून कमी असल्याचें गोऱ्या रुग्णांच्या बाबतींत शेंकडा ३.६ वेळां, तर कृष्णवर्णी रुग्णांच्या बाबतींत शेंकडा ११.७ वेळां आढळलें. ऑक्सिमीटरला कोणाचा द्वेष नव्हता. द्वेष करण्याइतकें मनच त्याला नाहीं. ज्यांच्या शरीरांवरून यंत्राचे आंकडे ठरतात त्यांत सर्व वर्णांच्या माणसांस पुरेसें स्थान नसलें, तर ज्यांना स्थान नाहीं त्यांची हांक त्याला नीट ऐकूं येत नाहीं. ह्यावरून यंत्र फेंकून द्यावें असें आमचें म्हणणें नाहीं. त्यानें पुष्कळांचे प्राण वाचविण्यास साहाय्य केलें आहे. परंतु घरांतील माणसाला धाप लागली असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर आंकडा चांगला आहे म्हणून स्वस्थ बसूं नये, डॉक्टरांस बोलवावें, एवढें पालकांनीं अवश्य लक्षांत ठेवावें.

शेवटचें उदाहरण दुःखाचें आहे. पण तें गाळून हा विषय पुरा होत नाहीं. कर्करोगावर किरणांचा उपचार करणारें ‘थेरॅक-२५’ नांवाचें एक यंत्र होतें. त्याच्या आधींच्या यंत्रांत किरणांचा मारा मर्यादेबाहेर जाऊं नये म्हणून स्वतंत्र कळा व अडसर बसविलेले असत. नव्या यंत्रांत त्यांपैकीं पुष्कळ काढून तें काम संगणकाच्या लिखित नियमांवर सोंपविलें गेलें. सन १९८५ ते १९८७ ह्या काळांत अमेरिका व कॅनडा ह्या देशांत सहा रुग्णांस ह्या यंत्रानें योग्य प्रमाणाच्या अनेक पटींनीं किरण दिले, व त्यामुळें कांहींचे प्राण गेले. जून १९८५ मध्यें पहिल्या घटनेंतील स्त्रीनें आपल्याला भाजल्याचें तत्काळ सांगितलें होतें. पण तसें होणें शक्यच नाहीं असें तिला उत्तर मिळालें.

मार्च १९८६ मध्यें टेक्सस प्रांतांतील टायलर येथें काय घडलें तें पाहा. यंत्र चालविणारीनें एक अक्षर चुकीचें दाबलें व तें झटपट सुधारलें. तिचें बोट इतकें जलद चाललें कीं नियमांतील एक सुप्त दोष जागा झाला. यंत्रानें किरण फार कमी गेल्याचा आंकडा दाखविला. वस्तुतः ते अतोनात गेले होते. आंकडा पाहून तिनें ‘पुढें चालूं’ अशी कळ पुन्हा दाबली. आंतल्या खोलींत रुग्ण वेदनेनें उठून दार ठोठावीत होता. त्या खोलींत पाहण्याचा कॅमेरा त्या दिवशीं जोडलेला नव्हता व आवाज बाहेर नेणारें यंत्र बिघडलेलें होतें. यंत्रानें कळीला ओ दिली. माणसाच्या हांकेला दिली नाहीं, कारण ती हांक ऐकण्याची त्याच्यांत सोयच नव्हती. रुग्ण पांच महिन्यांनीं वारला. पुढल्याच महिन्यांत तेथें तसाच दुसरा अपघात झाला, तेव्हां त्या रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर व तीच यंत्र चालविणारी बाई ह्यांनीं, यंत्र निर्दोष आहे ह्या समजुतीवर विसंबून न राहतां, कळा पुनःपुन्हा त्याच क्रमानें व त्याच वेगानें दाबून दोष उघड करून दाखविला. रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारीं दोन माणसें भेटलीं, म्हणून तो दोष सांपडला.

ह्या चारही उदाहरणांत यंत्राचीं अंगें तींच, तीन. तरी एका ठिकाणीं अंधाचें कपाळ वांचलें आणि दुसऱ्या ठिकाणीं रुग्णाचा जीव गेला. हा भेद यंत्र करणाऱ्यांनीं व वापरणाऱ्यांनीं कोणाचें ऐकलें व कोणाचें ऐकलें नाहीं, ह्यांत आहे.

विद्यार्थी मित्रहो, आज अशा वस्तू बनविणें तुमच्याही आटोक्यांत आलें आहे. सन २००५ मध्यें इटलींतील इव्रेआ गांवीं तयार झालेल्या ‘आर्डुइनो’ नामक स्वस्त फलकावर शाळेंतील मुलेंसुद्धां सेन्सर जोडून यंत्र करूं शकतात. तेव्हां आमची सूचना अशी कीं, घरांतील वा प्रयोगशाळेंतील अशी कोणतीही वस्तु हातीं आली म्हणजे वहींत तीन प्रश्न लिहावे. पहिला: हिला काय कळतें? दुसरा: जें कळतें त्यावरून ही काय करते? तिसरा: हिला काय कळत नाहीं, आणि त्यामुळें कोणाची अडचण होईल? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुस्तकांत मिळतील. तिसऱ्याचें उत्तर मिळविण्यास घरांतील आजीला, शेजारच्या अंध काकांना, उंची कमी असलेल्या धाकट्या भावाला जाऊन विचारावें लागेल. तिसऱ्या प्रश्नासाठीं जो उठून जाईल, तोच पुढें चांगला यंत्रज्ञ होईल, असा आमचा विश्वास आहे.

पालकांसही एक विनंति आहे. घरांत ओ देणाऱ्या वस्तू वाढत आहेत, व त्यांची सवय लागलेल्या मुलाला वाटूं लागतें कीं हांक मारतांच उत्तर मिळावें, आणि उत्तर आपल्या मनासारखेंच असावें. माणसें तशीं नसतात. आजोबा उशिरां उत्तर देतात, धाकटी बहीण रुसते, मित्र नकार देतो. ह्या सर्वांशीं धीरानें वागण्याचा सराव कोणत्याही यंत्रापासून होत नाहीं. तो घरींच घडविला पाहिजे.

आमच्या शाळेंत चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत प्रत्येक मूल ऐकतें. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनीं जखमी करून टाकलेला मनुष्य याजकाला दिसला, लेव्यालाही दिसला. त्यांच्या डोळ्यांत कांहीं उणें नव्हतें. ते पाहून दुसऱ्या बाजूनें निघून गेले. शोमरोन्याला जें दिसलें तें त्यांच्याहून अधिक नव्हतें. पण त्याला कळवळा आला, व त्यानें जखमा बांधल्या. दिसणें आणि कळवळा येणें ह्यांत केवढें अंतर आहे, हें त्यावरून कळतें. दिसण्याचें काम आपण आज वस्तूंना थोडेंबहुत शिकविलें आहे. कळवळ्याचें काम मात्र देवानें आपणांकडेच ठेविलें आहे. आपण ज्या वस्तू करूं त्यांत त्या कळवळ्याचा अंश उतरावा, आणि जेथें वस्तूला ऐकूं येत नाहीं तेथें आपण स्वतः उठून दार उघडावें, हीच आमची ह्या वर्षीं सर्व विद्यार्थ्यांस प्रेमाची सूचना आहे.